भाविकांना उत्खननाशी देणंघेणं आहेच!
‘भाविकाला प्रार्थनेपुरती जागा मिळाली की झालं, उत्खननाशी त्याला काय देणंघेणं’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. आम्ही वसईहून पॅरिशच्या (आमच्या चर्चच्या) ग्रुपबरोबर जेरुसलेमला गेलो होतो, तेव्हा शिलोहच्या तळ्यापाशी गाईडने सांगितलं की यात्रेकरूंना शतकानुशतकं दाखवलं जायचं ते तळं बायझंटाईन काळातलं, म्हणजे येशूनंतर काही शतकांनी बांधलेलं, आणि येशूच्या काळातल्या दगडी पायऱ्या सापडल्या थेट २००४ मध्ये, तेही ड्रेनेजच्या पाईपचं काम चालू असताना! बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या ९व्या अध्यायातला जन्मांध माणूस येशूच्या सांगण्यावरून डोळे धुवायला याच तळ्यावर आला, हे कळल्यावर ग्रुपमधल्या वयस्कर बायका पायरीवरच बसल्या आणि तोच उतारा मोठ्याने वाचायला लागल्या, कोणी उठायलाच तयार नाही. हे खोदणाऱ्यांमुळेच घडलं ना? टूरवाल्यांनी शॉपिंगचा वेळ कमी करून अशा ठिकाणी तासभर तरी द्यावा.