‘7 दिवसांत सिट्रस समर एल’ या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

उन्हाळा आला की घरी सिट्रस एल, म्हणजे संत्र्या-लिंबाच्या वासाची हलकी बिअर, करायचा हा मेसेज परत फिरायला लागतो. 20 लिटर वर्टमध्ये (बिअर ज्याची होते ते माल्टचं, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचं, गोड पाणी) 1 लिटर लिंबू-संत्र्याचा रस सालींसकट टाकून तासभर उकळा, हॉप्सची (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या फुलांची) गरज नाही, भांडी साबणाने धुतली की झालं, कुठलंही यीस्ट घाला, फर्मेंटर (फर्मेंटेशनचं, म्हणजे आंबवायचं भांडं) गरम जागी ठेवा म्हणजे यीस्ट जोरात काम करतं, एअरलॉकचे (आतला गॅस बाहेर सोडणाऱ्या झडपेचे) बुडबुडे थांबले की प्रत्येक बाटलीत दोन चमचे साखर टाकून झाकण लावा, 7 दिवसांत तयार आणि जितकी जुनी होईल तितकी भारी. एवढंच. वाचायला सोपं आहे म्हणून लोक पुढे पाठवतात आणि खरंच करूनही बघतात, आणि मग एकतर आंबट पातळ काहीतरी तयार होतं किंवा बाटली फुटते. बाटली फुटणं ही चेष्टेची गोष्ट नाही म्हणून हे सगळं नीट लिहितोय. (घरी बिअर करायला कायद्याने परवानगी आहे का हे आपापल्या ठिकाणचं आधी बघून घ्या, ते वेगळं सांगत बसत नाही.)

‘रस टाकला की सिट्रसची चव येते’

नाही येत. रसात असतं काय, मुख्यतः पाणी, साखर आणि सायट्रिक ॲसिड. यातली साखर यीस्ट खाऊन टाकतं, जवळपास सगळी. संत्र्याच्या 1 लिटर रसात साधारण 90 ग्रॅम साखर असते, 20 लिटरच्या बॅचमध्ये तिच्यापासून अल्कोहोल वाढतं जेमतेम 0.3 टक्के, आणि गोडवा शून्य उरतो. मागे राहतं ते ॲसिड. लिंबाच्या रसात तर ते 5-6 टक्के असतं, म्हणजे अर्धा लिटर रस टाकला तरी बॅचमध्ये 25 ग्रॅमच्या वर सायट्रिक ॲसिड गेलं. आपण ज्याला संत्र्याची चव म्हणतो त्यातून गोडवा काढून घेतला आणि आंबटपणा तेवढा ठेवला तर जिभेला ते संत्रं वाटतच नाही, नुसतं आंबट लागतं, आणि एलचा माल्टचा जो थोडासा गोलपणा असतो तोही त्याखाली दबून जातो.

खरा मामला सालीत आहे. संत्र्याची साल दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीजवळ पिळून बघा, बारीक बारीक ठिणग्या उडतात, ते तेल असतं. सालीच्या वरच्या रंगीत थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात आणि त्या तेलात बहुतांश लिमोनीन असतं, सोबत थोडी थोडी इतर सुगंधी द्रव्यं. संत्रं सोलताना खोलीभर वास येतो तो याचाच. सिट्रस एलमधलं सिट्रस म्हणजे हा वास, आणि हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप कळतं, कारण मेसेजमधली जवळपास प्रत्येक पायरी हा वास घालवणारी आहे.

‘साली जितक्या जास्त उकळाल तितका अर्क उतरतो’

अर्क उतरतो हो, पण कडू. सालीच्या आतला पांढरा भाग असतो ना, त्यातली कडू द्रव्यं तासभर उकळल्यावर मस्तपैकी वर्टमध्ये उतरतात आणि हा कडूपणा हॉप्ससारखा स्वच्छ नसतो, घशाशी चिकटून राहणारा असतो. वरून पेक्टिन (फळातलं चिकट द्रव्य) उतरतं आणि बिअर गढूळ होते, ते एक वेगळंच.

आणि वास? लिमोनीनचा उकळबिंदू पाण्यापेक्षा बराच वर आहे, 176 डिग्री, त्यामुळे काही जणांना वाटतं की 100 डिग्रीला ते टिकेल. पण तसं होत नाही, ही तेलं पाण्याच्या वाफेबरोबर उडून जातात, फुलापानांचं सुगंधी तेल वाफेने काढतात ते याच तत्त्वावर. म्हणजे तुम्ही तासभर उकळताना स्वयंपाकघरात जो सुंदर वास पसरतो तो सगळा भांड्यातून निघून गेलेला वास आहे. घरात घमघमाट म्हणजे बॅच छान चाललीय असा लोकांचा समज असतो, खरं तर उलट आहे.

यावर नेहमीचा प्रश्न येतो की मग बेल्जियन विटबिअरवाले साल उकळतात ते कसं चालतं. प्रश्न बरोबर आहे. पिएर सेलिस यांनी 1966 मध्ये बेल्जियममधल्या हूगार्डन गावात ती बंद पडलेली पांढरी बिअर, म्हणजेच विटबिअर, परत सुरू केली, तिच्यात कडू संत्र्याची वाळलेली साल आणि धणे असतात. पण घरी विटबिअर करणारे सहसा हे उकळीच्या अगदी शेवटी टाकतात, शेवटच्या 5-10 मिनिटांत, आणि मापही थोडंच असतं. आणि तिथल्या सुगंधात धण्यांचा वाटा मोठा असतो, धण्यांमध्ये लिनालूल हे सुगंधी द्रव्य असतं जे हॉप्समध्येही सापडतं, म्हणून जाडसर कुटलेले थोडे धणे सिट्रस एलला फार छान साथ देतात. सांगायचं हे की विटबिअरचं उदाहरण मेसेजच्या बाजूने नाही, विरोधात जातं.

मग साल टाकायची कधी? फर्मेंटेशनचा जोर ओसरल्यावर. त्याच्या आधी टाकली तर यीस्टमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड वर येताना वास सोबत घेऊन जातो. 20 लिटरला 3-4 मोठ्या संत्र्यांची साल पुरते. फळ गरम पाण्यात ब्रशने घासून घ्या कारण बऱ्याचदा वर मेण लावलेलं असतं, मग बारीक किसणीने फक्त रंगीत थर काढा, पांढरं दिसायला लागलं की हात थांबवा. तो कीस बुडेल एवढ्या व्होडकात घालून झाकण लावून 3-4 दिवस ठेवा. व्होडकाने दोन कामं होतात, तेल विरघळून बाहेर येतं आणि सालीवरचे जंतूही मरतात. मग गाळून घ्या आणि सगळं एकदम ओतू नका. आधी 100 मिली बिअर मोजून घ्या, तिच्यात ड्रॉपरने थेंब थेंब टाकत वास घ्या, चव बघा, आवडलं त्या मापाने पूर्ण बॅचचा हिशोब करा. माझ्या मते घरी करणाऱ्याला यापेक्षा चांगली पद्धत नाही कारण कमी पडलं तर वाढवता येतं, जास्त झालेलं काढता येत नाही. एक लक्षात ठेवा, तेल जास्त झालं की फेस बसतो, त्यामुळे इथे हावरटपणा नको.

लिंबाबद्दल जरा सावध. लिंबाचा ओळखीचा वास सिट्रालचा, आणि सिट्राल आंबट द्रवात टिकत नाही, हळूहळू मोडतं आणि भलताच वास यायला लागतो. त्यामुळे मी तरी संत्र्यावर भर देईन, लिंबाची साल अगदी थोडी, आणि लिंबू जास्त हवं असेल तर ती बॅच लवकर संपवायची.

‘हॉप्सची गरज नाही, ते फक्त कडूपणासाठी’

हे वाचून सगळ्यात जास्त वाईट वाटतं कारण सिट्रस एलमधला अर्ध्याहून जास्त सिट्रस हॉप्समधूनच आणता येतो, एकही फळ न कापता! कॅस्केड हा हॉप अमेरिकेत 1972 मध्ये आला, त्याच्या ग्रेपफ्रूटसारख्या वासाने अमेरिकन पेल एलची ओळखच बनवली. सिट्रा 2008 मध्ये आला, त्यात लिंबूवर्गीय वासाबरोबर आंब्या-पॅशनफ्रूटसारखंही काहीतरी येतं. जपानमध्ये तयार झालेला सोराची एस तर सरळ लिंबाकडे जातो. आणि यात यीस्टही हात लावतं, हॉप्समधलं जेरानिऑल म्हणजे गुलाबाच्या अंगाने जाणारा वास, त्याचं काही प्रमाणात सिट्रोनेलॉल करतं, जो जास्त लिंबासारखा असतो. म्हणून काही जण फर्मेंटेशन चालू असतानाच ड्राय हॉप करतात, म्हणजे हॉप्स न उकळता थेट फर्मेंटरमध्ये टाकतात.

कडूपणाचं म्हणाल तर तो हवाच, समर एलला थोडा हवा, 20 आयबीयूच्या (कडूपणा मोजायचं माप) आसपास. सुरुवातीला थोडे हॉप्स तासभर उकळायला, आणि बाकीचे मोठे माप गॅस बंद केल्यावर वर्ट 75-80 डिग्रीपर्यंत उतरू देऊन मग 20 मिनिटं. एवढ्या तापमानाला कडूपणा फारसा उतरत नाही, वास मात्र राहतो. शिवाय हॉप्समधली आम्लं लॅक्टोबॅसिलससारख्या बॅक्टेरियाला रोखतात आणि फेसालाही धरून ठेवतात. हॉप्स काढून टाकले तर ही तिन्ही कामं कोण करणार याचं मेसेजमध्ये काहीच उत्तर नाही.

‘गरम जागी ठेवा, यीस्ट जोरात काम करतं’

जोरात करतं, चांगलं नाही. नेहमीचं अमेरिकन एल यीस्ट 18 ते 20 डिग्रीला स्वच्छ काम करतं. 30-32 ला तेच यीस्ट फ्यूजल अल्कोहोल (घशाला जळजळणारी जड अल्कोहोलं) आणि नको तेवढी एस्टर (वासाची द्रव्यं) बनवतं, मग नेलपॉलिश रिमूव्हरसारखा झणझणीत वास. त्यात फर्मेंटेशन स्वतः उष्णता सोडतं, पहिल्या दोन-तीन दिवसांत आतलं तापमान खोलीपेक्षा 3-4 डिग्री जास्त असू शकतं, म्हणून खोलीचं नाही, फर्मेंटरचं तापमान बघायचं. मोठ्या टबात पाणी भरून त्यात फर्मेंटर ठेवा, वरून ओला टॉवेल गुंडाळा, पाण्यात गोठवलेल्या बाटल्या बदलत राहा, बरंच काम होतं.

इथे एक गोष्ट मात्र मेसेजच्या बाजूने बोलतो. नॉर्वेतलं शेतकऱ्यांकडचं क्वाइक नावाचं यीस्ट आहे, त्यातलं वॉस भागातलं तर 35-40 डिग्रीला मजेत चालतं, काही दिवसांत काम उरकतं आणि वर संत्र्याच्या सालीसारखा वास देतं. थंड करायची सोय नसेल तर ते घ्या, या बिअरसाठी अगदी फिट्ट. पण मेसेजमध्ये क्वाइकचं नावही नाही, ‘कुठलंही यीस्ट’ असं लिहिलंय, आणि तिथेच गडबड आहे.

‘बुडबुडे थांबले की बाटलीत, प्रत्येकी दोन चमचे साखर’

हे वाक्य धोकादायक आहे. बाकीच्या चुकांनी बिअर खराब होते, या चुकीने माणसाच्या डोळ्याला इजा होऊ शकते.

एअरलॉक काही मोजत नाही. झाकण नीट बसलं नसेल तर गॅस दुसरीकडून जातो आणि बुडबुडे लवकर थांबतात, उलट फर्मेंटेशन संपलेलं असताना खोली तापली तरी बुडबुडे येतात. विश्वास ठेवायचा तो हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवाची घनता मोजायच्या साधनावर, साखर संपत जाते तसा त्याचा आकडा खाली येतो. 2-3 दिवसांच्या अंतराने रीडिंग घ्या, आकडा तोच आला आणि अपेक्षेच्या जवळ असला तरच संपलं म्हणायचं. 1.045 ने सुरू झालेली अशी एल 1.010 च्या आसपास थांबते, म्हणजे साधारण 4.6 टक्के अल्कोहोल.

आता गणित बघा. लिटरमागे 4 ग्रॅम साखर म्हणजे अंदाजे एक व्हॉल्यूम गॅस, म्हणजे 1 लिटर बिअरमध्ये 1 लिटर कार्बन डायऑक्साइड. 20 डिग्रीला बिअरमध्ये आधीच 0.8-0.9 व्हॉल्यूम असतो. आपल्याला हवा असतो एकूण 2.4 च्या आसपास, त्यासाठी लिटरमागे 6 ग्रॅम साखर पुरते. मेसेजप्रमाणे 330 मिलीच्या बाटलीत दोन चमचे म्हणजे साधारण 8 ग्रॅम, म्हणजेच लिटरमागे 24 ग्रॅम! गॅस जवळपास 7 व्हॉल्यूम होतो. साधी बिअरची बाटली 3 च्या आसपासपर्यंतच भरवशाची धरतात. त्यात फर्मेंटेशन 1.010 ऐवजी 1.016 वर असताना बाटली भरली तर त्या 0.006 च्या फरकाचे आणखी 3 व्हॉल्यूम. काच फुटणार नाही तर काय होणार.

म्हणून चमच्याने बाटलीत साखर नको. पूर्ण बॅचची साखर काट्यावर तोलायची, थोड्या पाण्यात उकळून गार करायची आणि बाटली भरायच्या आधी सगळ्या बिअरमध्ये हलक्या हाताने मिसळायची. थोडी बिअर सोड्याच्या प्लास्टिक बाटलीत भरून ठेवा, दाबून बघितलं की आत गॅस किती झालाय ते हातालाच कळतं.

आणि कोणी हा मेसेज वाचून बाटल्या आधीच भरल्या असतील तर कृपया हे करा. डोळ्यांवर गॉगल, हातात जाड मोजे, बाटल्यांवर जाड टॉवेल टाकून एक एक करून थंड फ्रिजमध्ये न्या. थंड झाल्यावर दाब उतरतो आणि यीस्टही मंदावतं. मग टॉवेलखालीच हळूहळू झाकण सैल करून गॅस सोडा. पोरांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

‘साबणाने धुतलं की झालं, अल्कोहोल जंतू मारतंच’

4-5 टक्के अल्कोहोल जंगली यीस्ट किंवा लॅक्टोबॅसिलसला मारत नाही. आधी धुवून स्वच्छ करायचं, मग स्टार सॅनसारखं, नंतर पाण्याने न धुता चालणारं सॅनिटायझर वापरायचं, या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. साबणाचा अंश राहिला तर फेसही बसतो.

‘जितकी जुनी तितकी भारी’

या बिअरच्या बाबतीत अजिबात नाही. सालीचं तेल आणि हॉप्सचा वास दोन्ही ऑक्सिजनने लवकर मरतात, आणि मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. म्हणून फर्मेंटेशननंतर बिअर ओतताना खळखळाट करायचा नाही, नळी बाटलीच्या तळापर्यंत न्यायची. बाटल्या ब्राऊन घ्या, कारण हॉप्सच्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की काही मिनिटांत कुबट गंधकासारखा वास तयार होतो आणि हिरव्या किंवा पारदर्शक काचेत ते थांबत नाही. 7 दिवसांचा हट्ट सोडा, दोन आठवडे फर्मेंटरला द्या, दोन आठवडे बाटलीला 20 डिग्रीच्या आसपास गॅस धरायला, मग सगळ्या फ्रिजमध्ये टाका आणि पुढच्या महिना-दीड महिन्यात संपवा.