रोल संपवायला काढलेले फोटो

"त्यातले निवडक साठ काढा, मोठे प्रिंट करू, छान प्रदर्शन होईल. बाकीचं नंतर बघू." एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या जुन्या निगेटिव्हबद्दल हे वाक्य मी वर्षभरात तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं. तिघंही भले, तिघांचाही हेतू चांगला. तरी दर वेळी डोकं फिरलं, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, आधीच सांगतो.

छोट्या शहरातला एक स्टुडिओवाला फोटोग्राफर. चाळीसएक वर्षं धंदा केला. ते गेले, स्टुडिओ बंद झाला आणि माळ्यावरची खोकी खाली आली. गेलं वर्षभर दर रविवारी आम्ही चौघं ती निगेटिव्ह लावत बसतो. पैसे कुणाला मिळत नाहीत, पाठ मात्र सगळ्यांची दुखते.

पहिलं खोकं उघडलं तेव्हा डोळ्यांआधी नाकाला कळलं. आंबूस, थेट व्हिनेगरचा वास. अ‍ॅसिटेट फिल्म, म्हणजे निगेटिव्हची प्लॅस्टिकसारखी पट्टी, खराब व्हायला लागली की तिच्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल पुढची खराबी आणखी वाढवतं. बंद डब्यात शेजारच्या धडधाकट पट्ट्यांनाही त्याची बाधा होते. फिल्म आक्रसते, वरचा जिलेटिनचा थर तेवढा आक्रसत नाही, मग त्यावर वळ्या पडतात. आम्ल मोजायला निळ्या कागदी पट्ट्या मिळतात, ए-डी स्ट्रिप म्हणतात त्यांना. खोक्यात ठेवायच्या. त्या हिरव्या झाल्या तर सावध व्हायचं, पिवळ्या झाल्या तर आपल्याला उशीर झालाय. 'बाकीचं नंतर बघू' म्हणणाऱ्यांना मी आता ती पट्टीच दाखवतो.

तर, खोक्यांत काय आहे? बहुतेक पासपोर्ट फोटो. ढीगच्या ढीग. मग लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो, उद्घाटनं, विम्याच्या कामासाठी काढलेल्या ठोकलेल्या गाड्या. निवड करणारा यातल्या नव्वद टक्के पट्ट्या बाजूला सारेल, आणि माझं भांडण नेमकं इथंच आहे.

३५ एमएमच्या फिल्म रोलमध्ये ३६ फ्रेम, म्हणजे ३६ फोटो. लग्न ३१व्या फ्रेमला उरकलं, गिऱ्हाइकाला फोटो उद्या हवेत. रोल तर आजच धुवायचा, मग उरलेल्या पाच फ्रेम वाया कशाला घालवायच्या? मग आमचा हा फोटोग्राफर स्टुडिओच्या दारात उभा राहायचा आणि समोरचा रस्ता काढायचा. दुसरं काही नाही. रोल संपवायचा म्हणून क्लिक.

पहिल्यांदा आम्हीही या फ्रेम 'फालतू' म्हणून सोडून देत होतो. चौथ्या की पाचव्या खोक्याला आमच्यातल्या एकीच्या लक्षात आलं की दार तेच, अंतर तेच, समोरचा विजेचा खांबही तोच. तिनं तेवढ्याच फ्रेम स्टुडिओच्या कामाच्या रजिस्टरातल्या तारखांप्रमाणे ओळीनं लावल्या आणि आम्ही गप्प झालो. खांबाशेजारी लोखंडी जाळीत एक रोपटं आहे. काही वर्षांनी जाळी वाकलेली. मग झाड खांबाच्या वर. मग झाडानं समोरच्या दुकानाची पाटी झाकली. मग एका फ्रेममध्ये नुसता बुंधा आणि पाटी पुन्हा स्वच्छ वाचता येते. मधल्या काळात सायकली कमी झाल्या, स्कूटर वाढल्या, पायऱ्यांवर बसणारी म्हातारी माणसं बदलली, आणि रस्ता इतक्या वेळा उंच झाला की तीनातली एक पायरी डांबराखाली गेली. शहराची चाळीस वर्षं, आणि ती काढणाऱ्याला आपण ती काढतोय याचा पत्ताही नव्हता! ही मालिका साठ निवडक फोटोंत कुठं बसणार? एकेकटी फ्रेम तर अगदी सामान्य आहे. काही तर हललेल्या आहेत.

जगभर हे असंच होत आलंय. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या हेबर स्प्रिंग्ज या लहानशा गावात माइक डिसफार्मर नावाचा एकलकोंडा स्टुडिओवाला होता. १९५९ मध्ये तो गेला. त्याच्या स्टुडिओतलं सामान, काचेच्या हजारो निगेटिव्हसकट, एका गावकऱ्यानं ५ डॉलरला घेतलं. सत्तरच्या दशकात त्याची चित्रं पुस्तकात आली आणि एकदम तो 'महान' झाला. पुढं न्यूयॉर्कच्या संग्राहकांनी गावात माणसं लावून घराघरातल्या अल्बममधले जुने प्रिंट विकत घेतले. शेतकरी कुटुंबांना पैसे मिळाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आजीचा फोटो गॅलरीत गेला की ती आजी राहत नाही, 'अनामिक स्त्री' होते.

रुमानियातल्या स्लोबोझियाच्या कॉस्तिका अक्सिन्ते या फोटोग्राफरच्या काचेच्या प्लेटांचं, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्हचं, नशीब जरा बरं. पाचएक हजार प्लेटा स्थानिक संग्रहालयात पडून होत्या. २०१३च्या सुमारास एका वकिलानं त्या स्कॅन करून सगळ्यांसाठी खुल्या करायला घेतल्या. बऱ्याच प्लेटांवरचा थर सुटलाय, चेहऱ्यांवर ढग उतरल्यासारखा दिसतो. फुटलेल्या, सोललेल्या, सगळ्या घेतल्या. मला हीच रीत पटते.

आता रजिस्टर. माझ्या मते निगेटिव्हपेक्षाही आधी ते वाचवायला हवं. तारीख, नाव, किती कॉपी, आगाऊ रक्कम, बाकी. कंटाळवाणी वही. पण ती गेली की फोटो मुका होतो. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरातल्या टीनी हॅरिस या फोटोग्राफरच्या जवळपास ८० हजार निगेटिव्ह तिथल्या कार्नेगी संग्रहालयानं २००१ मध्ये घेतल्या. त्यातल्या माणसांची नावं कळायला संग्रहालयाला शेवटी शहरातल्याच लोकांना विचारावं लागलं. वर्तमानपत्रासाठी काम करणाऱ्या नावाजलेल्या फोटोग्राफरची ही कथा, तिथं आमच्या खोक्यांची काय गत! विचारायचं तर आत्ताच विचारायचं. ऐंशीच्या घरातला साक्षीदार प्रदर्शनाच्या तारखेसाठी थांबत नाही.

मग सगळं उचलून नेटवर टाकायचं का? नाही, आणि इथं मी स्वतःच्याच उत्साहाला लगाम घालतो. लेबनॉनमधल्या सैदा शहरात हाशेम अल मदनी यांचा शहरझाद नावाचा स्टुडिओ होता. बायको आपल्याला न सांगता फोटो काढून गेली म्हणून एक नवरा तिथं भांडायला आला आणि निगेटिव्ह मागायला लागला. मदनींनी रोल दिला नाही, कारण त्यात इतरांचे फोटो होते. शेवटी तिच्या फ्रेमवर पिनेनं ओरखडे काढून दिले. पुढं त्या बाईनं स्वतःला संपवलं. आणि तोच नवरा परत आला, तिचा आणखी एखादा फोटो आहे का विचारायला. स्टुडिओत काढलेला फोटो गिऱ्हाइकानं विश्वासानं काढलेला असतो. तेव्हा जपायचं सगळं, दाखवायचं विचारून. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. प्रत्येक फ्रेम उच्च दर्जात स्कॅन करणं आमच्यासारख्यांना जमणारं नाही. आम्ही लाइटबॉक्सवर, म्हणजे आतून उजेड असलेल्या पेटीवर, पट्टी ठेवून वरून मोबाइलनं फोटो घेतो, सोबत पाकिटावरचा मजकूरही. तेवढ्यानं काय कुठं आहे ते कळतं. पाकिटांचा मूळ क्रम मोडायचा नाही, पट्ट्या कापायच्या नाहीत, नवी नावं पेन्सिलनं लिहायची. छान छापायचं काम नंतर कुणीही करेल.

मागच्या रविवारी एक आजोबा आले होते. स्वतःच्या लग्नाचे फोटो बघायला बोलावलं होतं त्यांना. लग्नाच्या पट्ट्या त्यांनी भराभर पुढं ढकलल्या. शेवटच्या पट्टीवर भिंग थांबलं. ३४वी फ्रेम, रस्ता, खांबाला टेकवलेली सायकल.

"ही माझी," ते म्हणाले. "कॅरियरला दोरी बांधलीय बघा. नंतर चोरीला गेली."

मग लग्नाचे राहू देत म्हणाले, सायकलची एक कॉपी मागितली. रजिस्टरात नवीन ओळ लिहिली आम्ही: फ्रेम ३४, कॉपी १, बाकी काही नाही.