घामाची टिपणे

मुलाखतीचे पत्र आले तेव्हा घरात आनंदीआनंद झाला आणि तो पत्राच्या शेवटच्या ओळीपर्यंत टिकला. 'उमेदवाराने निवड समितीसमोर दहा मिनिटांचे सादरीकरण करावे,' असे त्या ओळीत लिहिले होते. सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये मी एकोणीस वर्षे काढली. मालकांच्या वाटण्या झाल्या, कारखाना बंद पडला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा उमेदवार झालो. या एकोणीस वर्षांत मी केलेले सर्वांत मोठे भाषण 'घ्या, मागे घ्या, अजून घ्या, बास' एवढेच होते आणि ते ट्रकच्या पाठीमागे उभे राहून केल्यामुळे श्रोत्यांचे तोंडही मला दिसत नव्हते.

नवी जागा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या कारखान्यात होती आणि विषय होता 'निर्यातीच्या मालाची प्रत'. विषयाची मला भीती नव्हती. टॉवेल हातात घेतला की तो साडेचारशे जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम वजनाचा) आहे की पाचशेचा, हे मी वजनकाट्याआधी सांगतो. मात्र हीच गोष्ट पाच माणसांसमोर उभे राहून सांगायची म्हटल्यावर माझ्या पोटात जे सुरू झाले, ते गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात बसल्यावरच होते आणि त्या पाळण्यातून निदान दोन-तीन मिनिटांत उतरता तरी येते.

सादरीकरण तयार करण्याचे काम अकरावीतल्या चिरंजीवांकडे गेले. मी सांगत गेलो, तो स्लाईड वाढवत गेला आणि सत्ताविसाव्या स्लाईडला त्याने हात वर केले. "बाबा, दहा मिनिटांत सत्तावीस म्हणजे एकेका स्लाईडला बावीस सेकंद. तुम्हाला तर 'नमस्कार' म्हणून घसा खाकरायलाच वीस लागतात." मी त्याला मोठ्यांशी कसे बोलावे हे समजावले आणि एकही स्लाईड कमी केली नाही. सोलापुरी चादरीबरोबर आपल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, ही पहिली स्लाईड तर मी प्राण गेला तरी सोडणार नव्हतो.

भीती घालवण्याचे उपाय सांगण्यात आपला समाज अतिशय उदार आहे. पत्र आल्यापासून चार दिवसांत शेजारच्या निवृत्त सरांनी प्राणायाम सांगितला, आईने सिद्धेश्वराचा अंगारा पाकिटात ठेवला, मेहुण्यांनी 'समोरचे सगळे बटाटे आहेत असे समजायचे' हा सनातन उपाय सांगितला. चिरंजीवांनी मात्र थेट अमेरिकेतले संशोधन आणले. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 साली असे दाखवले म्हणे, की भाषणाआधी 'शांत हो' असे स्वतःला बजावण्यापेक्षा 'मी उत्साहात आहे' असे मोठ्याने म्हणणाऱ्यांचे भाषण चांगले होते, कारण भीतीत आणि उत्साहात छातीची धडधड सारखीच असते, फक्त तिला नाव दुसरे द्यायचे. मला हे पटले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून खणखणीत आवाजात "मी उत्साहात आहे!" असे म्हणालो. "असा उत्साह दर पाच दिवसांनी दाखवत जा," सौभाग्यवती म्हणाल्या. "नळाला पाणी आलंय, आधी पिंप भरून द्या."

दुसरा उपाय एमी कडी या बाईंचा. ऐटीत, हातपाय ऐसपैस पसरून दोन मिनिटे राहिले की अंगात धिटाई उतरते, असे 2010 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. पुढे 2015 साली दोनशे माणसांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा लोकांना बळ आल्यासारखे वाटले, पण रक्तातली संप्रेरके जागची हलली नाहीत. तरीही मुलाखतीच्या दिवशी कारखान्याच्या स्वच्छतागृहात आतून कडी लावून मी कडीबाईंचा उपाय केलाच. एक मिनिट झाले असेल, तोच बाहेरून शिपायाने विचारले, "साहेब, बरं वाटत नाही का?" उरलेल्या एका मिनिटाच्या धिटाईवर मला पाणी सोडावे लागले.

पाण्यावरून आठवले. भीतीची सर्वांत पहिली धाड तोंडावर पडते. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन इवल्या ग्रंथी ॲड्रेनालिन सोडतात, शरीर पळण्याच्या किंवा मारामारीच्या तयारीला लागते आणि अशा वेळी जेवणखाण काय करायचे आहे, म्हणून लाळ आटते. रक्त हातापायांच्या बोटांतून निघून मोठ्या स्नायूंकडे जाते. त्यामुळे मे महिन्याच्या त्रेचाळीस अंशांत, पंख्याखाली बसूनही लोक निथळत असताना, माझ्या हातांची बोटे गार पडली होती आणि जीभ अशी टाळ्याला चिकटली होती की पाण्याशिवाय शेंगाचटणीचा बकाणा भरावा. इकडे तोंड कोरडे आणि तिकडे कपाळावर पूर, हे पाणीवाटप कोण करते हे मला अजून समजलेले नाही. आमच्या महापालिकेचेच कोणीतरी आत बसलेले असावे.

बाहेरच्या बाकावर बसल्याबसल्या मी गांधीजींना आठवले. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या या माणसाने मुंबईच्या स्मॉल कॉजेस कोर्टात पहिला खटला चालवायला उभे राहून पाहिले, डोके गरगरले, एक प्रश्न सुचला नाही; त्यांनी तीस रुपये फी परत केली आणि ते कोर्टाबाहेर पडले. मला या आठवणीने बराच धीर आला. मग ध्यानात आले, की त्यांच्याकडे परत करायला निदान फी होती. तेवढ्यात माझे नाव पुकारले गेले.

आत पाच जण होते. टेबलावर कारखान्याच्या मालाचे नमुने रचलेले होते, कोपऱ्यात पाण्याचा ग्लास होता. मी 'नमस्कार' म्हटले, चिरंजीवांनी सांगितल्याप्रमाणे वीस सेकंद घसा खाकरला आणि लेझरचे बटण दाबले. लेझर ही वस्तू ज्याने शोधली, त्याचे हात कधी थरथरले नसावेत. माझ्या बोटांतला जो कंप मला एकट्यालाच ठाऊक होता, तो आता भिंतीवर लाल ठिपका होऊन वेड्या माशीसारखा नाचू लागला, आणि मानांकनाच्या स्लाईडऐवजी पाचही माना त्या ठिपक्याबरोबर फिरू लागल्या.

अशा प्रसंगासाठी माझ्याकडे आणखी एक संशोधन राखीव होते. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र छापलेले टी-शर्ट घालून वर्गात पाठवले. निम्म्या वर्गाने ते पाहिले असेल असे विद्यार्थ्यांना वाटले, प्रत्यक्षात जेमतेम पाव वर्गाला ते आठवले. म्हणजे आपली फजिती आपल्याला वाटते तितकी दिसत नाही. मी मनात हे घोकत असतानाच पांढऱ्या केसांच्या एका सदस्यांनी शेजाऱ्यांकडे झुकून तेलुगूत काहीतरी म्हटले. मला त्यातला 'चेमट' हा एकच शब्द कळला, पण सोलापूरच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात एकोणीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला 'चेमट' म्हणजे घाम, हे सांगावे लागत नाही. गिलोविच यांचे विद्यार्थी अमेरिकेतले होते, सोलापूरच्या मे महिन्यातले नव्हते.

दोन्ही रुमाल बाहेरच्या बाकावरच कामी आले होते. घामाचा एक थेंब नाकाच्या शेंड्यावर येऊन लोंबू लागला, तेव्हा माझा हात मला न विचारता पुढे गेला, त्याने ढिगातला सर्वांत वरचा टॉवेल उचलला आणि मी तोंड पुसले. खोलीत शांतता पसरली. वाईट एवढेच नव्हते. तोंड पुसलेच गेले नाही. घाम कपाळावरून गालावर आणि गालावरून कानामागे गेला, टॉवेल मऊमऊ आणि कोरडा राहिला.

"टिपत नाही ना?" पांढऱ्या केसांच्या गृहस्थांनी विचारले. "का टिपत नाही, सांगा."

हा प्रश्न सत्तावीस स्लाईडमध्ये कुठेच नव्हता, बहुधा म्हणूनच मला त्याचे उत्तर येत होते. दुकानात गिऱ्हाइकाचा हात फिरला की टॉवेल मऊ लागावा म्हणून त्याला शेवटी सॉफ्टनर देतात. त्यातल्या सिलिकॉनचा थर जास्त बसला तर धागा पाणी घेत नाही आणि काही धुणी होऊन तो उतरेपर्यंत टॉवेल फक्त दिसायला टॉवेल असतो. हे मी बोलून गेलो आणि मग नमुन्यांतला कापलेला एक तुकडा उचलून, ज्या ग्लासातले पाणी प्यायची माझी छाती झाली नव्हती, त्या ग्लासात टाकला. चांगल्या मालाचा तुकडा पाहता पाहता बुडतो. हा कागदाच्या होडीसारखा तरंगत राहिला. एक सदस्य घड्याळ पाहून सेकंद मोजू लागले, दुसरे खुर्ची सोडून ग्लासापाशी आले.

पुढचे मला नीट आठवत नाही, कारण मी बोलत होतो. विणताना ग्राउंडचा, म्हणजे तळाच्या उभ्या धाग्यांचा, बीम ताणून धरतात आणि पाइलचा, म्हणजे वेटोळ्यांच्या धाग्यांचा, सैल सोडतात, दोन आडवे धागे जरा अलीकडे थांबवून तिसऱ्याबरोबर फणी तिघांनाही एकदम ठोकते, तेव्हा त्या सैल धाग्यांची वेटोळी उभी राहतात. सगळेच धागे ताणले तर टॉवेल न होता धोतर होते, असे मी हातांनी करून दाखवले, असे म्हणतात. लेझर कुठे ठेवला होता, कोण जाणे. पंचविसाव्या मिनिटाला कोणीतरी वेळ संपल्याचे सांगितले, तेव्हा भिंतीवर अजून पहिलीच स्लाईड होती. ग्लासातला तुकडाही अजून वरच होता.

आठ दिवसांनी फोन आला. दुसरी फेरी मालकांसमोर होती, या खेपेला सादरीकरण वीस मिनिटांचे आणि सोबत स्लाईड आणू नयेत, अशी सूचना होती. मी पुन्हा दारात उभा राहून उत्साहात असल्याचे जाहीर केले. सौभाग्यवतींनी कपाटातून जुना, विटका, निदान शंभर वेळा धुतलेला टॉवेल काढला, चार घड्या घातल्या आणि बॅगेत फाइलच्या वर ठेवला.

"हा टिपेल," त्या म्हणाल्या.