खोडरबर थोडे दिवस लपवून ठेवा

लेकीचं पहिलं सत्र संपलं. तिसरीत आहे. प्रगतिपुस्तक हातात आलं आणि दोन मिनिटांत वाचूनही झालं. प्रत्येक विषयापुढे एक श्रेणी, खाली शेऱ्याची एक ओळ, त्याखाली पालकांची सही. सही करून मोकळी झाले. पण त्याच दिवशी दप्तरातून सत्रभराच्या वह्याही घरी आल्या. कोपरे दुमडलेले, एकीचं कव्हर सुटलेलं, एकीच्या मागच्या पानावर मैत्रिणीबरोबर फुल्ली-गोळा खेळलेला. सहज म्हणून चाळायला घेतल्या आणि दोन तास उठलेच नाही.

आधी एक कबुली देते, म्हणजे पुढचं कुणाला उपदेशासारखं वाटणार नाही. मी खोडरबरवाली आई आहे. गृहपाठाच्या वेळी मी शेजारी बसते आणि अक्षर चुकलं की ते पुरतं लिहून व्हायच्या आत माझा हात रबराकडे जातो. वही स्वच्छ दिसली पाहिजे, बाईंनी उघडली की त्यांना बरं वाटलं पाहिजे, हा माझा हट्ट. या सत्रात तो हट्ट मोडला. मोडायला घेवड्याचं एक बी पुरलं.

वर्गात प्रत्येकाने दोन पेले आणायचे होते. दोन्हींत माती, दोन्हींत घेवड्याचं एकेक बी, पाणी सारखंच. एक पेला खिडकीत, दुसरा बंद कपाटात. रोज बघायचं आणि काय दिसलं ते वहीत लिहायचं. दहा-बारा दिवसांनी लेकीने घरी बसून लिहिलं, 'अंधारातलं रोप उंच आहे. उजेडातलं बुटकं आहे.' मी वाचलं आणि म्हटलं, "अगं, उलटं लिहिलंस. उजेडात रोप वाढतं, अंधारात नाही." ती म्हणाली, "पण आई, मी बघितलंय." मी म्हटलं, "गडबड झाली असेल, पेले बदलले असतील." आणि तिच्याकडून ते खोडून घेतलं. नुसतं खोडून घेतलं नाही, वर नवं वाक्य सांगून लिहूनही घेतलं.

दुसऱ्या दिवशी वही परत आली. माझ्या वाक्याखाली बाईंची लाल शाईतली एकच ओळ होती, 'तू पाहिलंस ते लिही.'

मला आधी रागच आला. मग संध्याकाळी जरा वाचून पाहिलं, तेव्हा चेहरा पडला. पोरीचं बरोबर होतं. बी मातीखाली रुजतं तेव्हा ते अंधारातच असतं. उजेड अजून कुठेच नाही म्हटल्यावर रोपटं बियांच्या दलांत साठवलेलं सगळं अन्न खोड लांबवण्यात खर्च करतं, कसंही करून वर पोचायचं म्हणून. कपाटातल्या रोपाला वाटतं की आपण अजून मातीखालीच आहोत. म्हणून ते भराभर वाढतं, पण पिवळट, काटकुळं, पानं इवलीशी. दलातली शिदोरी संपली की मान टाकतं. उजेडातलं रोप मात्र घाई करत नाही. ते बुटकं, जाड, हिरवंगार असतं, कारण त्याचं अन्न करायचं काम सुरू झालेलं असतं. म्हणजे 'उजेडात रोप चांगलं वाढतं' हे माझं वाक्य खोटं नव्हतं, पण मी 'चांगलं' आणि 'उंच' हे दोन शब्द एकच समजत होते. शाळेत असताना मीही हाच प्रयोग केलाय. तेव्हा उत्तर पाठ होतं, त्यामुळे बघितलंच नसणार.

गोष्ट इथेच संपली असती. पण बाईंनी मुलांना पट्टीने रोपांची उंची मोजायला सांगितली होती आणि ते पान तर रत्न आहे.

लेकीने लिहिलं होतं, अंधारातलं रोप १८ सेंटीमीटर, उजेडातलं १०. फरक ८. दोन दिवसांनी तिच्या गटातल्या एका मुलाने तिला पकडलं, की तू पट्टी १ पासून लावतेस, ० पासून लावायला पाहिजे. (मी विचारलं, एकपासून का लावलीस गं? तर म्हणे, "मोजायला एकपासूनच सुरुवात करतात ना?" यावर काय बोलणार. बोटं मोजताना, जिने चढताना, लपाछपीत राज्य घेताना आपण एकपासूनच तर मोजतो. पट्टीवर शून्यापासून एकपर्यंत जी जागा आहे तीच पहिला सेंटीमीटर, हे कुणीतरी सांगावं लागतं.) आकडे दुरुस्त झाले, १७ आणि ९. मग तिने पुन्हा वजाबाकी मांडली, उभी, चौकटीत, आणि उत्तर लिहिलं १२.

त्या १२ भोवती तिने स्वतःच गोल केलाय आणि बाजूला लिहिलंय, 'रोप वाढलं नाही मग फरक कसा वाढला??' दोन प्रश्नचिन्हं तिचीच आहेत.

हे पान मी तीनदा वाचलं. आधी दोन्ही मापं एकेक सेंटीमीटरने चुकली होती, पण दोन्ही सारखीच चुकली असल्यामुळे फरक बरोबर आला होता. पट्टी सुधारल्यावर माप बरोबर आलं आणि वजाबाकीतली दुसरीच चूक उघडी पडली. १८ वजा १० ला उसना घ्यावा लागत नाही, १७ वजा ९ ला लागतो. खाली तिने नऊच्या पुढे दहा, अकरा, बारा असे सतरापर्यंत आठ छोटे टिंब काढलेत आणि १२ वर काट मारून ८ लिहिलंय. हे पान घरी लिहिलं असतं तर मी ते १२ दिसताक्षणी खोडून घेतलं असतं. मग ते दोन प्रश्नचिन्हंवालं वाक्य उमटलंच नसतं.

आता ते १२ आलं कुठून? गणिताच्या वहीत मागे गेले तर जून-जुलैपासून त्याचा माग लागतो. ५२ वजा २७, उत्तर ३५. ६३ वजा २८, उत्तर ४५. ९० वजा ३४, उत्तर ६४. पण ७८ वजा ३५ मात्र ४३, अगदी बरोबर. तेव्हा मी नवऱ्याला म्हटलेलं मला आठवतंय, "हिला कधी येतं, कधी येत नाही, लक्षच नसतं." लक्ष पूर्ण होतं. ती प्रत्येक उदाहरण एकाच नियमाने सोडवत होती, की प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करायचं, कोण वर आणि कोण खाली याच्याशी देणंघेणं नाही. २ आणि ७ मध्ये मोठा ७, म्हणून ५. जिथे वरचा आकडा मोठा असतो तिथे हा नियम चालतो. जिथे दशक सुटा करावा लागतो तिथे फसतो. एकाच नियमाने दहाची दहा गणितं सोडवणाऱ्या पोरीला मी वेंधळी ठरवलं होतं.

ही काही आमच्या घरची खास चूक नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या अशाच चुकांवर काम केलं होतं. संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या दोषाला 'बग' म्हणतात, तोच शब्द त्यांनी मुलांच्या वजाबाकीतल्या दोषांना वापरला. मूल बऱ्याचदा वाटेल ते ठोकून देत नाही, ते एक चुकीचा नियम इमानदारीने पाळत असतं, हा त्यांचा मुद्दा. आणि तो नियम कुठला हे कळायला चुकलेली उत्तरं जशीच्या तशी समोर असावी लागतात. खोडलेल्या उत्तरातून बाईंना काय कळणार, डोंबल?

बाईंनी त्यावर काय केलं तेही वहीत दिसतं. ऑगस्टमध्ये चार पानं नुसती काड्यांची चित्रं आहेत. दहा-दहाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या. ५२ म्हणजे पाच गठ्ठे, दोन सुट्या. त्यातून सात सुट्या द्यायच्या तर एका गठ्ठ्याचं रबर काढावंच लागतं. मला तेव्हा वाटलं होतं, तिसरीत काय काड्यांशी खेळताय, गणितं सोडवा की. तरीही सप्टेंबरच्या अखेरीस ते १२ आलंच, हेही सांगायला हवं. काड्यांनी कळलेली गोष्ट उभ्या मांडणीत उतरायला वेळ लागतो, नियम जुना आणि सवयीचा असतो. फरक एवढाच, की जुलैत तिला ३५ चूक वाटलं नव्हतं. सप्टेंबरात तिला १२ खटकलं.

मराठीच्या वहीत याहून गंमत आहे. एकच शब्द तीन ठिकाणी सापडला. जूनमध्ये 'परकाश'. ऑगस्टमध्ये 'पर्काश'. सप्टेंबरच्या शेवटी 'प्रकाश'. मधलं रूप बघा. तिथे तिला कळलंय की दोन अक्षरांतलं एक अर्धं आहे, पण कुठलं अर्धं ते नक्की होत नाहीये. आपल्या 'र'चे नखरेही थोडे नाहीत. 'सूर्य'मध्ये डोक्यावर चढून बसतो, 'प्रकाश'मध्ये पोटात तिरका होतो, 'राष्ट्र'मध्ये पायाशी जातो. आठ वर्षांच्या मुलाने हे सगळं एका सत्रात कानावरून हातात उतरवलं, आणि मी त्या वेळी फक्त वेलांटीवर ओरडत होते.

बाकी सत्रात काय काय झालं त्याची यादी देत नाही. नाटुकलं झालं, त्यात ही झाड होती आणि झाडाला दोनच वाक्यं होती. कागदाची घडीकामं झाली. एका मुलीशी अबोला आणि पुन्हा गट्टी झाली, त्याची श्रेणी कुणी देत नाही.

पालकांच्या ग्रुपबद्दल मात्र बोलायचंय. आमच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी 'आजची वही टाका ना प्लीज' सुरू होतं. मग कुणीतरी आई सुवाच्य, निर्दोष पानाचा फोटो टाकते आणि बाकी घरांत त्यावरून उतरवून घेतलं जातं. मीही टाकलेत असे फोटो, बदाम मिळवलेत. पण प्रयोगाच्या वहीचं पान एकमेकांचं बघून उतरवायचं म्हणजे दुसऱ्याच्या रोपाची उंची आपल्या वहीत लिहायची. परवा एका आईने चिडून लिहिलं की बाई चुका दुरुस्त करत नाहीत, नुसते प्रश्न लिहितात, गुण तर देतच नाहीत. चार महिन्यांपूर्वी हे मीच लिहिलं असतं. आता तिला उत्तर द्यावंसं वाटतं, ते इथे देते. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना कामावर फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुलं गुणवाल्यांसारखीच राहिली. मला यात नवल वाटत नाही. गुण दिसले की शेरा कोण वाचतं? मी स्वतः प्रगतिपुस्तकात काय केलं, आधी श्रेण्या पाहिल्या.

स्वच्छतेच्या विरोधात मी नाही, गैरसमज नको. अक्षर वाचता आलं पाहिजे, नाहीतर त्या १२ मागचं कोडं मलाही लागलं नसतं. आणि नाटुकल्याचं आमंत्रणपत्र तिने चारदा लिहून पाचव्यांदा सुरेख केलं, ते करायलाच हवं होतं, कारण ते दुसऱ्याच्या हातात जाणार होतं. कच्चं काम आणि पक्कं काम यांत फरक आहे. आपण दोन्हींना एकच पट्टी लावतो, तीही एकपासून.

खरी अवघड गोष्ट मला वाटली ती गप्प बसण्याची. सत्रात एक दिवस पालकांना वर्गात बसू दिलं होतं. बाईंनी प्रश्न विचारला आणि नुसत्या उभ्या राहिल्या. वर्ग शांत. मला घाम फुटला, वाटलं आपणच उत्तर सांगून टाकावं. मग मागच्या बाकावरचा, तोवर एकदाही न बोललेला एक मुलगा हळूच बोलला. मेरी बड रो नावाच्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली ही शांतता मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं तिला दिसलं. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलू लागतात. तीन सेकंद! मी घरी करून पाहिलं. पहिल्या दिवशी दीड सेकंदात माझ्याच तोंडून उत्तर निसटलं. सध्या मी ओठ मिटून मनात आकडे मोजते. लेक विचारते, "आई, तुला बरं नाहीये का?"

माझं ते वाक्य अजून वहीत आहे, बाईंच्या लाल ओळीच्या वर. त्याच्याखाली, जरा तिरकं धरलं की, लेकीने आधी लिहिलेलं आणि मी खोडायला लावलेलं वाक्य पेन्सिलीच्या वळांत अजून दिसतं. प्रयोग संपल्यावर तिने कपाटातलं रोप खिडकीत आणलं. ते उभं राहीना म्हणून पेन्सिलीला दोऱ्याने बांधलं. शेवटच्या पानावर तिची नोंद आहे, 'पिवळं रोप आता हिरवं होत आहे. वाकडंच आहे. उद्या परत मोजणार.' त्यानंतरचं पान कोरं आहे, कारण दुसऱ्या दिवसापासून सुट्टी लागली. पेला तिने दप्तरात घालून घरी आणलाय. पट्टी शोधतेय.