‘भंगार माल’ आणि ‘रडगाणं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता ठाणेकर’ या नावाने लिहिणाऱ्या गृहस्थांनी माझ्या मागच्या लेखावर प्रतिक्रिया टाकली आहे. आयातीमुळे नोकरी गेलेल्या कामगारांसाठी अमेरिकेत होती तशी वेगळी मदत योजना आपल्याकडेही हवी, असं मी लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ती योजना अमेरिकेनेच 2022 मध्ये गुंडाळली, तिच्यातल्या प्रशिक्षणाने कुणाचं भलं होत नाही, आपल्याकडे ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आहेच, आणि ठाण्यातल्या “वागळे इस्टेटचे कारखाने भंगार माल काढत होते म्हणून बुडाले, आयातीच्या नावाने रडगाणं पुरे.”

या शेवटच्या वाक्याआधी थांबला असतात, तर मीही ‘धन्यवाद’ म्हणून मोकळा झालो असतो.

साहेब, वागळे इस्टेटमध्ये कधी पाळी केलीत का? मी केली आहे. टॉर्च बनवणाऱ्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे (डाय) बनवायच्या खात्यात, माझी उमेदीची वर्षं गेली. (नाव सांगत नाही. मालकाची मुलं अजून ठाण्यातच आहेत, उगाच वाद नको.) 1 एप्रिल 2001 ला सरकारने उरलेल्या 715 वस्तूंवरचे आयातनिर्बंधही उठवले. त्यानंतर कधीतरी मालकाने एक चिनी टॉर्च आमच्या टेबलावर आणून ठेवला. आम्ही तो खोलला, व्हर्नियर लावून पत्रा मोजला. आमच्या निम्म्यानेही जाड नव्हता. स्प्रिंग लेचीपेची, रिव्हेटचा पत्ता नाही. आमच्या डायसेटरने (प्रेसवर साचे बसवणाऱ्याने) नळी मुठीत दाबली तर ती चेपली. आणि मुंबईच्या लोहार चाळीत त्याचा घाऊक भाव आमच्या नुसत्या पितळी पट्टीच्या खर्चाहून कमी! आता भंगार कोणाचा, ते तुम्हीच ठरवा.

आमचं पॅकिंग भिकार होतं, हे मात्र मान्य. पांढुरका खोका, त्यावर पुसट शाई. तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर.

गिऱ्हाइकाने स्वस्त माल उचलला यात त्याचा दोष नाही, माझ्या घरातही तसलाच टॉर्च होता. पण आयात खुली करायचा निर्णय दिल्लीत झाला. फायदा देशभर थोडा थोडा वाटला गेला आणि तोटा प्रेस शॉपमधल्या लोकांच्या माथी अख्खा आला. 1962 मध्ये, केनेडींच्या काळात, अमेरिकेने व्यापार विस्तार कायद्यात ही मदत घातली ती याच हिशोबाने. आयातीवरची जकात कमी करायचं सरकारने ठरवलं, तर त्यात ज्याची नोकरी जाईल त्याचा भारही सरकारने उचलायचा. पुढे तर तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी नोकरी आयातीमुळे गेली का, याची चौकशी व्हायची. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला कमी पगाराची नोकरी धरावी लागली, तर जुन्या-नव्या पगारातला निम्मा फरक दोन वर्षं मिळू शकायचा, जास्तीत जास्त 10,000 डॉलर. ही भीक नव्हे. आणि ती मागणं हे रडगाणं तर मुळीच नव्हे.

कोण रडलं हो? टाळं लागल्यावर आमच्या डायसेटरने भाड्याची रिक्षा धरली. एक जण, जिथे आमचा प्रेस शॉप होता तिथेच उभ्या राहिलेल्या आयटी इमारतीत सिक्युरिटीला लागला. मी रबाळ्याला पीस-रेटवर, म्हणजे नगामागे मजुरीने, डाय घासत बसलो. ग्रॅच्युइटीसाठी खेटे घालतानाही कुणी तुमच्या दारात गाऱ्हाणं घेऊन आलं नव्हतं. टोपणनावाच्या आडून अशा माणसांवर शेरे मारणं सोपं असतं.

‘ईएसआय आहेच’ हेही असंच ठोकून दिलेलं. आमचा कारखाना बंद पडला 2006 च्या उन्हाळ्यात. तेव्हा ईएसआयची पगारमर्यादा 7,500 रुपये होती. टूलरूममधले आम्ही जुने लोक तिच्या वर, म्हणजे बाहेर. नोकरी गेलेल्यांना ईएसआयतून भत्ता देणारी राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 2005 मध्ये आली होती, पण तिला पाच वर्षांच्या वर्गणीची अट. कंत्राटी पोरांची पाच वर्षं भरणार कुठून? तशीच नंतरची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना घ्या: भत्ता आयुष्यात एकदा, फार तर 90 दिवस.

राहिलं 2022. अमेरिकी संसदेने मुदत वाढवली नाही, म्हणून 1 जुलैपासून नव्या अर्जांचं काम थांबलं. साठ वर्षं चाललेली गोष्ट राजकारणात अडकली म्हणून ती चुकीची होती असं ठरत नाही. प्रशिक्षणाच्या फायद्याबद्दल तिथल्या अभ्यासकांचे उलटसुलट निष्कर्ष आहेत, त्यात मी इथे शिरत नाही.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. पुढचा लेख औद्योगिक संबंध संहितेतल्या (मालक-कामगार संबंधांच्या कायद्यातल्या) पुनर्कौशल्य निधीवर आहे. कपात झालेल्या कामगारामागे मालकाने 15 दिवसांचं वेतन त्यात भरायचं आहे. तेवढ्या पैशांत पन्नाशीचा फिटर नवीन काय शिकणार, ते तेव्हा बोलू. तिथेही जरूर लिहा. फक्त आधी लेख शेवटपर्यंत वाचा, आणि जमलं तर स्वतःच्या नावाने लिहा.