पहिल्या जंपिंग शोला उंची नको, मोजणी पक्की हवी

हिवाळा आला, मुंबई-पुण्याकडे जंपिंग शोचा, म्हणजे घोड्यावरून अडथळे उडवण्याच्या स्पर्धांचा, हंगाम सुरू झाला की प्रत्येक रायडिंग क्लबात पहिला प्रश्न हाच असतो: किती उंचीच्या वर्गात नाव घालायचं? माझं मत ठाम आहे. घोडा घरच्या मैदानावर 90 सेंटिमीटर सहज उडवत असेल, तर पहिल्या शोला 70 सेंटिमीटरचा वर्ग घ्या. तंबू, लाउडस्पीकर आणि अनोळखी घोडे यांतच त्याचं निम्मं लक्ष जातं. रेसकोर्सवरून आलेल्या थरोब्रेडला, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याला, गर्दीची सवय असते, पण पोलखाली (अडथळ्याच्या आडव्या दांड्याखाली) मांडलेल्या कुंड्या त्याने कधी पाहिलेल्या नसतात. म्हणून महिनाभर आधीपासून घरच्या पोलखाली निळं प्लास्टिक, रंगवलेली फळी, गोणपाट असं काहीतरी बदलून बदलून ठेवा. उंची मात्र वाढवू नका.

नाल आठ-दहा दिवस आधी बदला. आदल्या दिवशी नको, कारण एखादा खिळा खुरात आत लागला असेल तर घोडा कधीकधी एक-दोन दिवसांनी लंगडतो आणि मग वेळ हातात उरत नाही. नवा तंग (सॅडलचा पोटपट्टा), नवी सॅडल, नवे बूट शोच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी, लसीचं कार्ड आणि बाकी कागद महिनाभर आधीच मार्गी लावा. परक्या ठिकाणचं पाणी घोडे हुंगून सोडून देतात. चार दिवस आधी घरीच पाण्यात थोडा गूळ घालायला लागा आणि तिथेही तेच पाजा. घाट उतरून मुंबईच्या दमट हवेत आलेला घोडा पाणी प्यायला नाही, तर दुसऱ्या दिवशी अंगात जोर उरत नाही.

आता कोर्स वॉक, म्हणजे राउंडआधी अडथळ्यांचा मार्ग पायी चालून अंतरं मोजणं. नवे रायडर इथे गप्पा मारत फिरतात, आणि याचं मला फार वाईट वाटतं, कारण निम्मी राउंड इथेच ठरते. आधी घरी टेप अंथरून स्वतःचं पाऊल बरोबर 90 सेंटिमीटरचं करून घ्या. अडथळ्याला पाठ लावून चालायला लागा: पहिली दोन पावलं घोडा उतरण्याची, शेवटची दोन उडी घेण्याची, आणि मधल्या दर चार पावलांची एक कँटर स्ट्राइड, म्हणजे मध्यम दौडीत घोड्याची एक ढांग. वीस पावलं भरली म्हणजे 18 मीटर, म्हणजे चार स्ट्राइड. पण हा हिशेब 3.6 मीटरच्या स्ट्राइडचा आहे. लहान काठियावाडी किंवा मारवाडी घोडा याच अंतरात आरामात पाच घेतो. त्याला ओढूनताणून चारमध्ये बसवलं की तो लांबून झेपावतो, पाठ सपाट राहते आणि मागच्या पायांनी पोल पडतो. डबलमध्ये, म्हणजे जवळजवळ मांडलेल्या जोडअडथळ्यात, मात्र जादा स्ट्राइड घालायला जागा नसते, म्हणून लहान घोड्याला तिथे आत शिरतानाच पाय लावून (पायांनी दाब देऊन) पुढे काढावं लागतं. वळणंही, घोडा जिथून जाणार तिथूनच चाला. कोपरा कापून चाललात तर राउंडमध्येही तोच कापाल, आणि अडथळ्यासमोर सरळ चार-पाच स्ट्राइड मिळणार नाहीत. फाटकाकडे तोंड असलेले अडथळे आठवणीत ठेवा. तिकडे घोडा पळ काढतो, उलट्या दिशेला रेंगाळतो.

वॉर्म-अपमध्ये सर्वांत जास्त घोडे वाया जातात. पालक कडेला उभे, कोच पोल वर वर चढवतोय, आणि घोडा वीस उड्या मारून थकलेला. आठ-दहा उड्या पुरेत: दोन क्रॉसपोल (फुलीसारखे तिरपे पोल), तीन व्हर्टिकल (एकाच सरळ उभ्या रेषेतले पोल), तीन ऑक्सर (मागेपुढे दोन पोलांचा रुंद अडथळा), शेवटी एक सोपा व्हर्टिकल. दहा मिनिटं वॉक, मग ट्रॉट (दुडकी चाल) आणि कँटर डावी-उजवी दोन्ही दिशांना, मग उड्या. शेवटची उडी तुमच्या आधी दोन घोडे उरलेले असताना घ्या. अडथळ्याचा लाल झेंडा उजवीकडे, पांढरा डावीकडे, राउंडसारखंच इथेसुद्धा. रिकीब उड्यांशिवायच्या सरावापेक्षा दोन भोकं वर, आणि चढल्यावर तंग पुन्हा ओढा.

आत गेल्यावर घंटेआधीच निघून पहिला अडथळा उडवलात तर थेट बाद. घंटेनंतर 45 सेकंद मिळतात. एक मोठं वर्तुळ घ्या, कँटरची लय बसली की निघा. पोल पडला तर चार पेनल्टी, पहिल्या रिफ्युजललाही (घोड्याने उडी नाकारली तर) चार, दुसऱ्याला सहसा बाद. दोन अडथळ्यांमध्ये उगीच गोल फिरलात तर तेही रिफ्युजलच धरलं जातं. घोडा थांबला तर अडथळा दाखवत उभं राहू नका. दूर वळवा, सहा-आठ स्ट्राइडची जागा घ्या, पाय लावून या. बाद झालात तर सॅल्यूट करून बाहेर पडा. त्यानंतर चाबूक उगारणं नियमात बसत नाही, आणि मुक्या जनावराला ते कळतही नाही.

बाहेर आल्यावर तंग सैल करून दहा मिनिटं चालवा, पुढच्या पायांवर थंड पाणी सोडा, नाल हलले का बघा. टेंडनवर, म्हणजे नळीमागच्या शिरेवर, हात फिरवून दोन्ही पाय ताडून पाहा. एक जरी जास्त गरम लागला, तर दुपारच्या वर्गातून नाव काढून घ्या.