फुकट आलंय, मग दीडशे कशाला?

गेल्या दिवाळीनंतर माझ्या दोन वर्गमैत्रिणींनी सोलापुरात अशोक चौकाजवळ एक खोली भाड्यानं घेतली. लोकांनी कपाटातले धड पण पडून असलेले कपडे आणून द्यायचे, यांनी ते धुऊन, इस्त्री करून स्वस्तात विकायचे आणि उरेल त्यातून विडी कामगारांच्या मुलींची फी भरायची. दोन महिने बरे गेले. मग एका बाईनं पंजाबी ड्रेस उचलला, चिठ्ठी बघितली आणि म्हणाली, "फुकट आलंय की ओ तुम्हाला, मग दीडशे कशाला?" काउंटरवरची पोरगी फटकळ. "परवडत नसेल तर ठेवा खाली," म्हणाली. पुढं जे व्हायचं ते झालं. बाई ओरडली, पोरगी रडली, बघ्यांची गर्दी झाली. रात्री मैत्रिणीचा मला फोन: "तुमच्याकडे म्हणे असली दुकानं गल्लोगल्ली असतात. तिकडं कसं शिस्तीत चालतं ते सांग की जरा."

शिस्तीत! मला हसूच आलं.

मी ओहायोत राहते. इथं या दुकानांना थ्रिफ्ट स्टोअर म्हणतात आणि आल्यापासून मी त्यांची गिऱ्हाईक आहे. पहिल्या हिवाळ्यातला कोट, मुलाचे बूट, अर्धा स्वयंपाकघर तिथूनच आलं. या धंद्यातलं एक जुनं, मोठं नाव गुडविल. १९०२ साली बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स नावाच्या धर्मोपदेशकानं श्रीमंत वस्त्यांतून पोत्यांनी जुने कपडे गोळा केले, गरिबांनाच पगारावर ठेवून ते दुरुस्त करून घेतले आणि विकले. म्हणजे माझ्या मैत्रिणींचीच कल्पना, सव्वाशे वर्षं आधी. आज अमेरिका-कॅनडात गुडविलच्या दीडशेच्या आसपास स्थानिक संस्था आहेत, प्रत्येकीचा कारभार वेगळा, त्यामुळे एका गावातला भाव दुसऱ्या गावात नाही. आणि दिसायला अगदी तशीच असलेली काही दुकानं सरळ नफ्यासाठी चालतात, त्यातल्या एका साखळीचे शेअर २०२३पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहेत. दारातून आत जाताना गिऱ्हाइकाला यातला फरक कळत नाही. मी जाते ते दुकान यांतलं कुठलं, की तिसरंच, ते सांगत नाही.

तर त्या दुकानात मागच्या वर्षी मी एक कप उचलला. भावाची चिठ्ठी दोन डॉलर नव्व्याण्णव सेंट. नखानं खरवडली तर खाली मूळ दुकानाची चिठ्ठी, सव्वा डॉलर. नवा कप सव्वाला, वापरलेला तीनला. इथल्या लोकांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे. दुसरं असं, की चांगला माल दुकानात येतच नाही, तो मागच्या मागे ऑनलाइन लिलावाला जातो. तिसरं, कोविडात बंद झालेल्या कपडे घालून बघायच्या खोल्या बऱ्याच ठिकाणी पुन्हा उघडल्याच नाहीत. पँट अंदाजानं घ्यायची आणि परत करायची सोय नाही. आणि एवढं झाल्यावर गल्ल्यावरची मुलगी विचारते, वरचे सुटे संस्थेला देणार का? दान केलेली वस्तू विकत घ्या आणि वर पुन्हा दान करा.

पण मला खरं लागलं ते चादरीचं. एका शनिवारी पडद्यांच्या रांगेत हँगरला लटकलेली आपली सोलापुरी चादर दिसली. जाकार्डवर विणलेला मोर, लाल-हिरवे काठ, कोपऱ्यात शिवलेली देवनागरी पट्टी. भौगोलिक मानांकन मिळालेली, आपल्या यंत्रमागावरची, चांगली जाडजूड चादर. तिच्यावर लिहिलं होतं 'भिंतीवरचं जुनं नक्षीकापड' अशा अर्थाचं काहीतरी आणि भाव चोवीस डॉलर नव्व्याण्णव सेंट. म्हणजे दोन हजारांच्या वर. आईनं त्याच वर्षी नवी घेतली ती पाचशेच्या आत. मी गल्ल्यावर जाऊन म्हटलं, अहो, ही अंगावर घ्यायची चादर आहे, आमच्या गावात हिचा भाव मला माहीत आहे, काही कमी करता का? ती बाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "हा काही रस्त्यावरचा बाजार नाही." मागच्या रांगेतला माणूस हसला. मी चादर तिथंच ठेवून बाहेर आले. गाडीत बसल्यावर सुचलेली उत्तरं इथं लिहिण्यासारखी नाहीत.

नंतर कळलं ते वेगळंच. आमच्या शेजारच्या इमारतीतली एक बाई तशाच एका दुकानाच्या मागच्या खोलीत काम करते. तिला तासाला ठरलेले नग उघडून, बघून, भाव चिकटवून पुढे ढकलायचे असतात. एका नगाला मिनिटभरही मिळत नाही. खालची सव्वा डॉलरची चिठ्ठी बघणार कधी? भाव कमी लावला तर साहेब नग परत पाठवतो, जास्त लावला तर कुणी काही बोलत नाही. त्यामुळे ती जास्तच लावते. गल्ल्यावरच्या बाईला मात्र एक सेंटही कमी करायचा अधिकार नाही. दिवसभर लोक तिच्यावर ओरडतात, आणि ज्यांनी भाव ठरवला ते तिला दिसतही नाहीत. इथलं किमान वेतन देशपातळीवर २००९पासून तासाला सव्वासात डॉलरवर अडकलंय, राज्याराज्यांनी आपापलं वाढवलंय तेवढंच. शिवाय १९३८च्या कायद्यातलं एक कलम अपंग कामगारांना त्याहूनही कमी द्यायची परवानगी देतं. गरिबांना काम द्यायला निघालेल्या क्षेत्रातल्या काही संस्थांनी तेही वापरलं, त्यावर इथं बरीच टीका झाली. ही टीका मला भावांच्या तक्रारीपेक्षा मोलाची वाटते.

आता आपल्याकडचं. मैत्रीण म्हणाली, "आपल्याकडं असलं नव्हतंच कधी." नव्हतं कसं? सोलापुरात भवानी पेठेत आमच्या दारात बोहारीण यायची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, काखेत गाठोडं. आई तीन पँटी, दोन शर्ट काढायची. बोहारीण कॉलर उलटून, गुडघा ताणून बघायची आणि म्हणायची, "यात वाटीबी येत न्हाई, ताई. जरीची साडी काढा, डबा घ्या." तासभर चालायचं. ती पाटी उचलून निघायची, जिन्यावरून परत यायची. शेवटी डबा आमचा व्हायचा आणि दोघींनाही वाटायचं, आपण जिंकलो. राग जिथल्या तिथं जिरायचा, कारण भाव करणारी आणि भाव ऐकणारी समोरासमोर बसलेल्या असायच्या. मंगळवार बाजारातही तेच.

पण मी हे आठवून गहिवरणार नाही. बोहारीण कधी उंबऱ्याच्या आत आलेली मला आठवत नाही. पाणी मागितलं तर वेगळ्या पेल्यातून, तेही वरून. गल्ल्यावरच्या बाईनं मला रस्त्यावरचा बाजार म्हणून हिणवलं याचा मला राग आला. त्या बोहारणीला आमच्या जिन्यात काय काय ऐकावं लागलं असेल? आणि "फुकट आलंय" म्हणणाऱ्या बाईलाही मी सगळं चूक म्हणणार नाही. धुणं, इस्त्री, भाडं, पोरीचा पगार, लोकांनी दान म्हणून आणून टाकलेला फाटका कचरा उचलायचा खर्च, हे तिला दिसत नाही. पण मंगळवार बाजारात नवा ड्रेस दोनशेला मिळत असेल तर वापरलेल्याला दीडशे हा भाव चुकलाच.

न खपलेल्याचं काय होतं, हेही मैत्रिणीनं विचारलं. इथं ते आधी वजनावर विकतात, मग गाठी बांधून परदेशी. त्यातल्या काही गुजरातेत कांडला बंदरावर उतरतात, काही फाडून-कापून पानिपतला जातात, तिथं त्यांचं सूत निघतं आणि स्वस्त ब्लँकेटं होतात. सोलापुरी म्हणून पानिपतचा माल खपवतात ही आपली जुनी ओरड आहेच. म्हणजे मी दिलेला कोट फिरून आपल्याच मागवाल्याच्या पोटावर यायचा. हे ऐकून ती म्हणाली, "असू दे, आधी आमच्या पोरीचं बोल."

मी एवढंच सांगितलं: चिठ्ठी लावणारीनंच गल्ल्यावर बसायचं. पोरीला तीस-चाळीस रुपये स्वतःच्या हिमतीवर कमी करायची मुभा द्या, त्यासाठी तुम्हाला विचारायला लावू नका. आणि कुणी तिच्यावर ओरडलं तर तुमच्यापैकी एकीनं पुढं व्हायचं.

"मुभा दिली तर सगळ्याच घासाघीस करतील की गं. दिवसाला शंभर बाया येतात. पोरगी दमंल."

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन आला. घासाघीस फक्त चार ते सहा, अशी पाटी लावली आहे. दुपारी दुकान रिकामं असतं, आणि चारला दारात रांग लागते.